धानाच्या हंगामानंतरची गाणी आणि त्यांची समीक्षा

मराठीत संगीताची लेखी समीक्षा नाट्यगृह आणि ग्रामोफोन यांच्या आश्रयाने वाढली. अमरावतीत जन्मलेले संगीतकार केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गायकांवर लिहिले, वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ने १९६१ मध्ये घराण्यांच्या सौंदर्यविचाराची चौकट दिली, आणि अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन व संगम अशा संगीताच्या कोटी कल्पून जनसंगीताला, म्हणजे बाजारपेठ आणि प्रसारमाध्यमे यांच्या बळावर बहुसंख्यांपर्यंत पोहोचणाऱ्या संगीताला, अभ्यासाच्या कक्षेत आणले. नव्या अल्बमचे परीक्षण हा प्रकार मात्र बाहेरून आला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारात आणल्यावर गाण्यांचा क्रमबद्ध संच ही एक सलग कलाकृती मानली जाऊ लागली, आणि १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘रोलिंग स्टोन’सारख्या नियतकालिकांनी तिच्या परीक्षणाची रीत रुळवली. समीक्षक रॉबर्ट ख्रिस्तगाव यांनी अल्बमना शाळेच्या प्रगतिपुस्तकाप्रमाणे श्रेणी दिल्या, तर पुढे ‘पिचफोर्क’ या संकेतस्थळाने दहापैकी गुण दशांशापर्यंत मोजले. या रीतीमागे तीन गृहीतके आहेत: कलाकृती मुद्रित होऊन स्थिर झालेली असते, तिचा कर्ता निश्चित असतो, आणि ती नवी असते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील नव्या लोकप्रिय गाण्यांपुढे ही तिन्ही गृहीतके लंगडी पडतात, आणि दरवर्षी नवी गाणी ऐकणाऱ्या या मुलखाविषयी वृत्तपत्रांच्या संगीतविषयक सदरांत फारसे काही छापून येत नाही, याचे एक कारण तेथेच शोधावे लागते.

भंडारा आणि गोंदिया यांच्यासह या दोन जिल्ह्यांच्या जंगलव्याप्त मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले की दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रेसारखा गावमेळा, भरू लागते, शंकरपट या बैलांच्या शर्यती होतात आणि त्या निमित्ताने रात्री नाटक लागते. होळीच्या सुमारास हा हंगाम ओसरतो. देसाईगंज, म्हणजेच वडसा, येथे नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत आणि गावचे लोक तेथे येऊन प्रयोग ठरवतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यांना परवानगी देणारे राज्याचे कायदे वैध ठरवले, तेव्हा नाटकाच्या आर्थिक गणिताशीही त्याचा संबंध होताच. त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि राज्याच्या इतर भागांतील अनेकांना या रंगभूमीचे नाव प्रथमच कळले.

या नाटकांत गाणी जिवंत गायली जातात. ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचे विजेवर चालणारे तालवाद्य, घेऊन वादक रंगमंचाच्या पुढ्यात बसतात, उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो आणि ‘वन्स मोअर’ मिळाला की गाणे पुन्हा होते. दुसऱ्या खेपेला गायक नट बहुधा तान वाढवतो, एखादी ओळ प्रेक्षकांकडे वळवून घेतो, आणि ऑर्गनवाला त्याच्यामागे हवे तितके रेंगाळतो. त्यामुळे एकाच गाण्याची दोन गावांतली लांबी सारखी राहत नाही. अशा गाण्याचे मोबाइलवर टिपलेले आणि यूट्यूबवर चढवलेले रूप हाच ‘अल्बम’ समजून त्याला गुण देणे म्हणजे भोंग्याच्या खरखरीचे परीक्षण करणे होय. थंडीच्या रात्री उघड्या मंडपात मागच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा असल्याने स्वर चढा लावला जातो; भावगीताच्या मृदू, माइकजवळच्या गायनावर पोसलेल्या कानाला तो कर्कश वाटला, तर दोष कानाच्या सवयीकडेही जातो. अर्थात बेसूर ते बेसूरच, आणि प्रत्येक नाटकात गरज असो वा नसो घुसवलेला नाच हा तर उघड गल्लाभरूपणा आहे.

लेखी परीक्षण नसले तरी परीक्षणाची परंपरा येथे नाही, असे मात्र म्हणता येत नाही. उभ्याने सादर होणाऱ्या आणि म्हणूनच खडी गंमत म्हणवणाऱ्या लोकनाट्यात डफ, टुणटुणे, चोनका आणि ढोलकी यांच्या साथीने शाहीर गातो, पुरुषच स्त्रीवेष घेऊन नाचतात, आणि ‘दुय्यम’ असेल, म्हणजे दोन मंडळ्या एकाच रात्री समोरासमोर असतील, तर एकीने टाकलेल्या सवालाला दुसरीला गाण्यातूनच जबाब द्यावा लागतो. शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले हा जुना भेद त्यामागे आहे. परंतु चुरस केवळ तत्त्वज्ञानाची नसते. समोरच्याचा यमकाचा सांधा कुठे निखळला, पुराणातला दाखला कुठे चुकला, चाल कोणाची उचलली, हे सारे त्याच रात्री, त्याच वृत्तात, शेकडो लोकांच्या देखत सांगितले जाते. जबाब फसला तर श्रोतेच हुर्यो उडवतात. परीक्षकाने स्वतः गाऊन दाखवावे अशी अट घालणारी समीक्षा नागर संगीतविश्वात दुर्मीळच, आणि छापील परीक्षणापेक्षा ती अधिक जोखमीची असते, कारण परीक्षकाचे परीक्षण पुढच्याच कडव्यात होते.

चालीच्या मालकीचा प्रश्न याहून नाजूक आहे. भजनांच्या आणि जलशांच्या पुस्तिकांत गीताच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द देऊन पुढे एखाद्या प्रचलित गाण्याचा निर्देश केलेला असतो; वाचणाऱ्याला स्वरलिपी येत नसली तरी ते गीत त्याच संध्याकाळी गाता यावे, ही त्यामागची सोय. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत धम्मदीक्षेचा सोहळा झालेल्या चंद्रपुरात भीमगीतांचे, आणि १९४२ च्या उठावाने इतिहासात गेलेल्या चिमूर परिसरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचे श्रोते पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या दोन्ही प्रवाहांत शब्द नवा आणि चाल ओळखीची असणे हे वैगुण्य समजले जात नाही. ओळखीच्या चालीत नवा विचार किती नेमका बसला, ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण न होता तो समेवर आला का, हा तेथील कस आहे. ‘चाल उसनी’ एवढ्या शेऱ्यावर गाणे निकालात काढणारा परीक्षक या कसाला हात न लावताच उठतो.

गोंडी गाण्यांच्या बाबतीत उसनवारीची दिशा उलटी होते. रेला हे फेर धरून समूहाने गायचे नृत्यगीत. त्यात एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो, पावले आणि ढोल मिळून लय धरतात, आणि ‘रेला’ हाच शब्द ध्रुवपदासारखा फिरत राहतो. अलीकडे अशा गाण्यांवर कीबोर्डचा ठेका चढवून लग्नाच्या वरातीसाठी डीजे आवृत्त्या निघतात. त्या वाईटच असतात असे मानण्याचे कारण नाही. वरातीत नाचणाऱ्या गोंड तरुणाला आपल्या भाषेतले गाणे भोंग्यावर वाजण्याचे अप्रूप असते आणि ते समजण्यासारखे आहे. तथापि संगणकाने आखलेला सरळ ठेका ढोलाचा लवचीक झोल पुसून टाकतो, उचलीच्या दोन गटांऐवजी एकच आवाज उरतो, आणि श्रेयाच्या पट्टीवर ‘संगीतकार’ म्हणून एका व्यक्तीचे नाव येते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनावरील हक्क बळकट केला; परंतु ज्या गाण्याचा कर्ता गाव आहे त्या गाण्याला तिचा उपयोग नाही. म्हणून अशा मुद्रणाचे परीक्षण लिहिताना चाल कोणत्या भागात गायली जाते, माडिया गोंड गायकाने म्हटली की इतर कोणी, मूळ गाण्यातली कोणती कडवी गाळली आणि ठेका कोठे बदलला, एवढी नोंद गुणांच्या आधी यायला हवी. त्यासाठी परीक्षकाला गोंडी यावी लागेल, किंवा गोंडी येणाऱ्याकडे परीक्षण सोपवावे लागेल. दुसरा मार्ग अधिक सोपा असून संपादकांनी तो अजून फारसा चोखाळलेला नाही.