जुना संगणक घरीच दुरुस्त करायचा तर कोणती अवजारे हवीत?

आपल्या अनेक दुकानदार बांधवांच्या माळ्यावर एखादा जुना संगणक धूळ खात पडलेला असतो. भंगारवाला तो वजनावर नेतो आणि जागा मोकळी झाली म्हणून आपणही खूश होतो. परंतु त्या डब्यात कित्येक वर्षांचा हिशेब असतो, हे लक्षात राहत नाही.

आमच्यावरही अशी वेळ आली. १९९५ साली आमच्या थोरल्या भावांनी कापड दुकानासाठी ४८६ जातीचा संगणक घेतला. तेव्हा सेनगाव परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. भाईजान वारल्यानंतर त्यांच्या मुलांचा हिस्सा ठरवायचा होता. वह्या पावसात भिजून गेलेल्या, खाते फक्त त्या संगणकात, आणि तो सुरूच होईना. मरहूम भावाच्या मुलांचा हिस्सा म्हणजे अमानत. अंदाजाने वाटणी करणे आम्हाला मान्य नव्हते. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने "फेकून द्या" असा सल्ला दिला. शेवटी गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराला सोबत घेऊन आम्ही तो घरीच उघडला. त्यातून जे शिकलो ते येथे देत आहोत.

अवजारे फार लागत नाहीत. फुलीचा पेचकस, मऊ ब्रश, डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री, कथील, जुने कथील ओढून घेणारा पंप, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बल्बचा बोर्ड. एवढ्यावर बहुतेक काम भागते. ऑसिलोस्कोपसारखे महागडे यंत्र सुरुवातीला घेऊ नये.

मीटर आधी पारखून घ्यावा. गज खोटा असेल तर कापडाचे माप खोटे येते, तसेच हे आहे. नव्या सेलवर तो दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो की नाही ते पाहावे.

पहिली तपासणी डोळ्यांची. ३८६ व ४८६ च्या अनेक बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळून तांब्याच्या रेषा खाते आणि तिथे हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. अशी बॅटरी प्रथम कापून काढावी. गळलेला द्रव अल्कली असतो, म्हणून त्या जागी ब्रशने थोडा पांढरा सिरका लावावा, नंतर अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावे. कॅडमियम विषारी आहे, हातमोजे घालावेत. या जागी साधा बटण-सेल थेट जोडू नये, कारण बोर्ड त्याला चार्ज करू पाहतो. मध्ये डायोड लागतो.

दुसरी तपासणी पॉवर सप्लायची. तो बोर्डापासून सोडवून, भार म्हणून एखादी निकामी हार्ड डिस्क जोडून, १०० वॅटच्या सिरीज बल्बमधून चालू करावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. मग सरळ विजेवर जोडून मोजावे. काळ्या व लाल तारेत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, काळ्या व पिवळ्या तारेत ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. बोर्डाला जाणारे दोन जोड परत लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी याव्यात. उलटे लावल्यास बोर्ड जळतो.

येथे जिवाचा प्रश्न आहे. सप्लायच्या आतील कपॅसिटरमध्ये बटण बंद केल्यावरही सुमारे ३२५ व्होल्ट राहू शकतात, आणि या जुन्या डब्यांत समोरच्या बटणापर्यंत घरची वीज आलेली असते. काचेच्या जुन्या मॉनिटरमध्ये तर हजारो व्होल्ट असतात. हे दोन्ही जाणकाराशिवाय उघडू नयेत.

तिसरी तपासणी बोर्डाची. फक्त मेमरी आणि डिस्प्ले कार्ड ठेवून चालू करावे. मेमरीच्या सोनेरी कडा खोडरबराने साफ केल्याने पुष्कळदा काम होते. पडद्यावर काही न आल्यास पोस्ट कार्ड खाचेत बसवावे. त्यावरील आकड्यावरून तपासणी कुठे अडली ते कळते.

आमच्या संगणकात लाल तारेवर ४.२ व्होल्टच येत होते. कारागिराने सप्लायमधील फुगलेले कपॅसिटर बदलले. बॅटरी गेल्याने डिस्कची मापे संगणक विसरला होता. ती डिस्कच्या लेबलवर छापलेली होती, ती हाताने भरली. खाते उघडले. सर्वप्रथम आम्ही त्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली, मगच बाकी काही केले. सगळ्यांसमोर हिशेब वाचला गेला आणि भावाच्या मुलांना पूर्ण हिस्सा मिळाला. तो आमच्या अंदाजापेक्षा जास्त निघाला.

हे हुनर तरुण कारागिरांच्याही कामाचे आहे. भरतकामाच्या जुन्या संगणकीय यंत्रांत फ्लॉपी असते. तिच्या जागी पेनड्राइव्ह चालवणारे उपकरण बसवता येते आणि लाखमोलाचे यंत्र भंगारात जाण्यापासून वाचते. बांधवांनी जुना डबा विकण्यापूर्वी एकदा तरी आत काय आहे ते पाहावे, एवढीच विनंती.