तीर्थ, फेस आणि हशा : प्रदूषित पाण्यावरील प्रचारविनोदाचा तौलनिक विचार

मराठीत ‘विटाळ’ आणि ‘प्रदूषण’ हे दोन शब्द सहसा एका वाक्यात येत नाहीत. पहिला सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवहारातला, तर दुसरा शासकीय अहवालातला. तमिळमधील ‘तीट्टु’ आणि ‘मासु’ यांच्यातही असेच अंतर आहे. तीट्टु म्हणजे विधिनिषेधांतून उद्भवणारी अशुद्धता. पर्यावरणाच्या संदर्भात योजला जाणारा मासु म्हणजे मळ, दूषितपणा. नदीविषयी बोलताना हे अंतर विशेष जाणवते. पवित्र नदी विटाळत नाही ही श्रद्धा आणि ती प्रदूषित आहे हा प्रयोगशाळेचा निष्कर्ष, ही दोन्ही विधाने एकाच पाण्याविषयी असतात. केली अ‍ॅली यांनी ‘ऑन द बँक्स ऑफ द गंगा’ (२००२) या ग्रंथात वाराणसीच्या संदर्भात दाखवून दिले आहे, की गंगेत घाण आहे हे मान्य करणारा भाविक ती अपवित्र झाली असे मात्र म्हणत नाही. राजकीय प्रचारातील विनोद नेमका या फटीत शिरतो. तो अहवालातील प्रदूषणाला देह देतो. हे पाणी कोण पिणार, यात बुडी कोण मारणार, असा प्रश्न तो उभा करतो. या विनोदाचे सामर्थ्य त्यातच आहे आणि त्याची मर्यादाही.

या विचाराला कुंभकोणमपासून आरंभ करणे सोयीचे ठरते. कावेरी आणि अरसलार यांच्या मधोमध वसलेल्या या नगराचे नावच कुंभावरून आले आहे. प्रलयानंतर अमृतकुंभ येथे फुटला आणि त्यातील अमृताचे महामहम सरोवर झाले, असे स्थलपुराण सांगते. दर बारा वर्षांनी येथे भरणाऱ्या महामहम पर्वाची कथा अधिक मार्मिक आहे. माणसे आपली पापे नद्यांत धुतात. त्या भाराने मलिन झालेल्या गंगा, यमुना, गोदावरी, कावेरी आदी नऊ नद्या स्वतःच्या शुद्धीसाठी या सरोवरात येतात. म्हणजे स्नान करणाऱ्यांमुळे नदी मळते, ही कबुली पुराणकथेने आधीच दिलेली आहे. ती कबुली पापाच्या भाषेत आहे, एवढेच. दुसरीकडे याच नगराचे नाव दीर्घकाळ हत्तीरोगाशी जोडले गेले होते. साचलेल्या सांडपाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हा त्या रोगाचा वाहक. एकाच गावात तीर्थ आणि गटार शेजारी नांदत होते, आणि त्यांच्यासाठी भाषेत दोन वेगळे कप्पे होते.

राजकारणी व्यक्तीचे जाहीर स्नान कुंभकोणमने फार गंभीर रूपात पाहिले आहे. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता महामहम स्नानासाठी आल्या असताना झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे पन्नास भाविकांचा मृत्यू झाला. सत्ताधाऱ्याचा देह आणि तीर्थाचे पाणी यांच्या भेटीला किती मोठा प्रेक्षकवर्ग लाभतो, हे त्या दिवशी दिसले. अलीकडच्या काळात गाजलेला तमिळ राजकीय विनोद मात्र तीर्थाकडे वळलेला नाही. तो याच कावेरीच्या खोऱ्यात, पण वरच्या अंगाला घडला.

कोइमतूर आणि तिरुप्पूरमधून वाहणारी नोय्यल नदी करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. सप्टेंबर २०१७ मध्ये पावसानंतर कोइमतूरजवळ या नदीवर फेसाचे डोंगर उभे राहिले. तेव्हाचे पर्यावरणमंत्री के. सी. करुप्पण्णन यांनी त्याचे कारण लोकांनी अंघोळीला वापरलेला साबण असल्याचे सांगितले. हसू उसळणे अपरिहार्य होते. त्याच वर्षी २१ एप्रिलला सहकारमंत्री सेल्लूर के. राजू यांनी वैगै धरणाच्या पाण्याचे बाष्पीभवन रोखण्यासाठी थर्मोकोलचे पत्रे चिकटपट्टीने जोडून पाण्यावर सोडले होते आणि वाऱ्याने ते थोड्याच वेळात काठाला आणून टाकले होते. ‘थर्मोकोल’ हा शब्द तेव्हापासून तमिळ राजकारणात जणू त्या मंत्र्यांचे टोपणनाव झाला. वस्तूच्या नावाने माणूस ओळखला जाणे ही विनोदाची जुनी युक्ती आहे. पण येथे तिच्यामागे एक विशिष्ट परंपरा उभी आहे. १९२५ पासूनच्या स्वाभिमान चळवळीने बुद्धिवाद हा सार्वजनिक प्रतिष्ठेचा निकष ठरवला. त्यामुळे तमिळ हशाचे लक्ष्य मंत्र्याची श्रद्धा नसते, त्याचे विज्ञान असते. साबणाच्या विधानात हसू आले ते कारणमीमांसेच्या उणेपणाला.

आणि तरीही त्या हशात तिरुप्पूर हरवले. नोय्यलच्या दूषिततेमागे तेथील रंगाई उद्योगाचा प्रदीर्घ इतिहास आहे. खालच्या अंगाच्या ओरत्तुपालयम धरणात शेतीचे पाणी साठण्याऐवजी रासायनिक सांडपाणी साठले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने, सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था होईपर्यंत, बंद करण्याचा आदेश दिला. साबणावरील विनोदात कारखाने नाहीत, न्यायालय नाही, खोऱ्यातले शेतकरी नाहीत. आहे तो एक गोंधळलेला मंत्री. राजकीय परिणाम मोजायचा तर सेल्लूर राजू २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत मदुरै पश्चिममधून पुन्हा निवडून आले.

मराठीतील नमुना याच्या उलट दिशेने जातो. ९ मार्च २०२५ रोजी चिंचवड येथे महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या वर्धापनदिनी राज ठाकरे यांनी प्रयागराजच्या महाकुंभाहून सहकारी बाळा नांदगावकर यांनी आणलेल्या गंगाजलाचा किस्सा सांगितला. हे पाणी आपण पिणार नाही, असे सांगताना त्यांनी स्नान करणाऱ्यांच्या अंग घासण्याच्या हालचालींचा जो अभिनय केला, त्याने सभागृह हसले. करोनाकाळात मुखपट्ट्या लावून फिरलेली माणसे आता त्या पाण्यात उतरतात, असा टोलाही त्यांनी लगावला. या विनोदाला ताजा संदर्भ होता. महिनाभरापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित लवादाला सादर केलेल्या अहवालात प्रयागराजच्या पाण्यातील विष्ठाजन्य जिवाणूंचे प्रमाण स्नानयोग्यतेच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे १०० मिलिलिटरमागे २,५०० पेक्षा, अधिक असल्याचे नमूद होते. तर उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत ते पाणी आचमनालाही योग्य असल्याचे सांगितले होते. मंडळाच्या नंतरच्या अहवालाने सांख्यिकी विश्लेषणाच्या आधारे ते स्नानयोग्य ठरवले. आकड्यांचा हा वाद सामान्य श्रोत्याच्या हाती लागणारा नव्हता. अंग घासण्याचा एक हावभाव तेवढा लागला.

मिखाइल बाख्तिन यांनी राब्लेवरील ग्रंथात (१९६५) ज्याला देहाच्या अधोभागाचे हास्य म्हटले, तेच येथे कार्यरत आहे. उच्चस्थानी असलेले तीर्थ काख आणि पाठ यांच्या पातळीवर उतरते. मराठीला ही रीत अपरिचित नाही. तीर्थस्नानाने अंतःकरण धुतले जात नाही ही वारकरी संतांची टीका, तमिळ सिद्धांपैकी शिववाक्कियर यांनी केलेला स्नानविधींचा उपहास आणि वक्त्याचे आजोबा प्रबोधनकार ठाकरे यांचे धर्मचिकित्सक लेखन, हा सारा वारसा त्या भाषणाच्या मागे आहे. तंजावरचे शहाजीराजे (राज्यकाल १६८४–१७१२) यांच्या ‘सतीदानशूरमु’ या तेलुगू प्रहसनातही मोरोभट्ट हा मराठी वळणाच्या नावाचा ब्राह्मण शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांसह हास्यास्पद ठरतो. कुंभकोणमच्या परिसरात मराठी राजदरबाराने असे हसू जोपासले होते, हा योगायोग तौलनिक अभ्यासकाने नोंदवून ठेवावा असा आहे. मात्र संतांची टीका मनाच्या मळाविषयी होती, राज ठाकरे यांची पाण्याच्या. नदीला माता म्हणणाऱ्या देशात एकही नदी स्वच्छ नाही, हा त्यांचा पुढचा मुद्दा हशानंतर आला, आणि तो अधिक महत्त्वाचा होता. ज्या पिंपरी-चिंचवड परिसरात हे भाषण झाले, तेथून जवळच आळंदीला इंद्रायणीवर गेल्या काही वर्षांत वारंवार फेस आला आहे.

विनोदाची दिशा बदलली की त्याचे काय होते, हे एप्रिल २०१३ मध्ये दिसले होते. दुष्काळाच्या वर्षी इंदापूर तालुक्यातील सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी रिकाम्या धरणांविषयी मूत्रविसर्जनाचा विनोद केला. हाही अधोदेहाचाच विनोद. परंतु तो सत्तेकडून तहानलेल्यांकडे गेला. बाख्तिनच्या हास्यात खालचा वरच्याला ओढून खाली आणतो. येथे वरचाच खालच्यांवर हसत होता. त्यांनी जाहीर माफी मागितली, कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीस्थळी दिवसभर आत्मक्लेश उपोषण केले, तरी विरोधकांच्या २०१४ च्या प्रचाराला ते वाक्य आयते मिळाले. बारामतीचा मतदार मात्र हलला नाही.

दिल्लीत या विनोदाचे पूर्ण नाट्यीकरण झाले. यमुना स्वच्छ करून तीत बुडी मारू, हे आश्वासन अरविंद केजरीवाल यांनी दिलेले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष वीरेंद्र सचदेवा यांनी निषेध म्हणून स्वतः बुडी मारली आणि त्वचेच्या त्रासाने त्यांना रुग्णालयात जावे लागले. देहाने दिलेला हा पुरावा कोणत्याही अहवालापेक्षा वाचनीय होता! २५ जानेवारी २०२५ रोजी परवेश वर्मा यांनी केजरीवाल यांची पुठ्ठ्याची प्रतिमाच नदीत बुडवली. विनोदी अवजार म्हणून ती प्रतिमा सोयीची, कारण तिला पुरळ उठत नाही. पुढच्याच महिन्यात वर्मा ४,०८९ मतांनी विजयी झाले. ऑक्टोबर २०२५ मधील छठपूजेच्या वेळी आम आदमी पक्षाने, वासुदेव घाटावर शुद्ध केलेले पाणी भरून ‘नकली यमुना’ तयार केल्याचा आरोप नव्या सत्ताधाऱ्यांवर केला. म्हणजे विनोद तोच राहिला, बुडवायचा माणूस बदलला.

तीनही ठिकाणी हशाचे रूप निराळे आहे : तमिळमध्ये अडाणी स्पष्टीकरणाचे, मराठीत किळसेच्या अभिनयाचे, दिल्लीत आव्हानाच्या खेळाचे. पण प्रत्येक वेळी पाण्याची परीक्षा व्यक्तीच्या देहावर घेतली जाते आणि ती व्यक्ती निवडणुकीतील प्रतिस्पर्धीच असते. नाला, कारखाना, अपुरी सांडपाणी प्रक्रिया यांना देह नाही. त्यांची नक्कल करता येत नाही. मेरी डग्लस यांच्या परिभाषेत घाण म्हणजे अस्थानी असलेली वस्तू. प्रचारविनोद ती वस्तू दाखवतो, ती आली कोठून हे न्यायालयीन गद्यावर सोडतो. महामहमची कथा मात्र निदान उगमाचा प्रश्न विचारते. तिच्यातल्या नऊ नद्या मळ कोणाचा हे सांगत कुंभकोणमला येतात. पुढच्या पर्वाला, २०२८ मध्ये, त्या पुन्हा यायच्या आहेत, आणि नोय्यलचे पाणी पोटात घेतलेली कावेरी त्यांत असेल.