आमचा मुलगा तसला नाही!

नोव्हेंबर २०२२मध्ये बंगळुरूतल्या काही शाळांनी मुलांची दप्तरं तपासायला घेतली, ती मोबाइल सापडतात का हे पाहायला. आठवी ते दहावीच्या दप्तरांतून निघालं भलतंच: सिगारेटी, लायटर, व्हाइटनर, निरोध. बातमी देशभर गाजली. शाळांनी पालकांच्या तातडीच्या सभा घेतल्या आणि मुलांना काढून टाकण्याऐवजी समुपदेशनाचा सल्ला दिला.

असं बोलावणं आलं की आईबाप हातातलं काम टाकून धावतात. पण काहीच घडलेलं नसताना, व्यसन लागूच नये म्हणून भरवलेल्या सत्रांना कोण येतं? बहुतेकदा मोजकेच, आणि त्यांतही मुलांशी ज्यांचा संवाद आधीपासून चांगला आहे असेच जास्त.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रिचर्ड स्पोथ आणि क्लीव्ह रेडमंड या संशोधकांनी १९९०च्या दशकात याच कोड्याचा पाठपुरावा केला. पालक मनातल्या मनात हिशेब मांडतात: माझ्या मुलाला खरंच धोका आहे का, या कार्यक्रमाचा उपयोग होईल का, आणि त्यापायी माझं किती जाईल? अडचणींच्या यादीत पैशापेक्षा ठळक असतो तो वेळ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र जवळपास ठरलेलं असतं, ‘आमचा तसला नाही’.

हा भाबडेपणा महागात पडू शकतो. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या २०१९च्या सर्वेक्षणात हुंगण्याच्या नशेचं प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के आढळलं. मोठ्यांपेक्षा मुलांतच जास्त दिसलेला नशेचा हा एकमेव प्रकार. त्यासाठी लागणारं सामान स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

आता बंगळुरूतल्याच एचएसआर लेआउटचं घ्या. होसूर आणि सर्जापूर रस्त्यांवरून नाव पडलेली ही वसाहत. आईबाप दोघंही नोकरीला, आजी-आजोबा पुण्याला किंवा नागपूरला, आणि संध्याकाळी सिल्क बोर्डच्या चौकात गाडी मुंगीच्या पावलाने सरकणार. अशा घराला ‘बुधवारी सहाला या’ म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखंच आहे. पालकांना बेफिकीर ठरवण्याआधी घड्याळ बघायला हवं.

दुसरी अडचण लाजेची. शेजारच्या बीटीएम लेआउटमध्ये ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने आपल्या मुख्य आवारापासून दूर ‘सेंटर फॉर वेल बीइंग’ उघडलं. मनोरुग्णालयाची पायरी चढायला माणसं कचरतात, हे ओळखून. संस्था तीच, तज्ज्ञ तेच. दार तेवढं वेगळं. व्यसनमुक्तीच्या फलकाखालच्या सभेत शेजारीण दिसली तर ती काय समजेल, ही धास्ती अपार्टमेंटमध्ये काही कमी नसते.

यावर जे उपाय चालले, ते अगदी व्यवहारी आहेत. कॅरल कम्फर यांनी १९८०च्या दशकात यूटामध्ये घडवलेल्या ‘स्ट्रेंथनिंग फॅमिलीज’ कार्यक्रमात सत्राआधी कुटुंबाला जेवण मिळतं, धाकट्यांना सांभाळायला माणूस असतो, ने-आण करायची सोय असते. समाजागणिक भाषा नि उदाहरणं बदलल्यावर टिकून राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत वाढलं. मात्र या बदलांत मूळ सत्रांना कात्री लागली, तिथे परिणामही थोडा उतरला. म्हणजे गर्दी जमली म्हणून काम फत्ते झालं, असंही नाही.

आइसलँडने वेगळी वाट धरली. तिथे पालक गटागटाने रात्री वस्तीत फेरी मारतात आणि मुलांनी किती वाजता घरी यायचं यावर मिळून सह्या करतात. सगळ्यांनाच बोलावलं की कोणावर बोट रोखलं जात नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८मध्ये ४२ टक्के होतं. २०१६मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. मुलांसाठी खेळ-संगीताची सोय आणि कडक कायदे यांचाही त्यात वाटा होताच.

फेऱ्या एचएसआरमध्ये जमतील की नाही, हा वेगळा मुद्दा. पण सोसायटीच्या सभागृहात, रविवारी सकाळी, इडली-कॉफीसह आणि ‘व्यसन’ हा शब्द फलकावर न लिहिता सत्र ठेवायला कोणाची हरकत असणार? वडिलांना मात्र वेगळं निमंत्रण द्यावं लागेल. ‘पालक’ म्हटलं की अजूनही बहुधा आईच येते.