आपत्तीनंतर प्रवासवर्णनाचे काम

सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या भूम आणि परांडा तालुक्यांत अतिवृष्टी झाली. नद्या-ओढ्यांना पूर आले, उभी पिके गेली, कित्येक शेतांतील मातीही वाहून गेली. पाण्याने वेढलेल्या गावांतून माणसे बाहेर काढण्यासाठी बोटी आणि हेलिकॉप्टर आणावे लागले. हे नुकसान सर्वांना दिसले व त्याचे पंचनामेही झाले. परंतु प्रत्येक आपत्तीत आणखी एक नुकसान होते, ज्याचा पंचनामा होत नाही. बाहेरगावचा माणूस येईनासा होतो. मग रिक्षावाला, चहाची टपरी चालवणारी बाई, पेढे विकणारा, लॉजवर झाडलोट करणारा अशा हातावर पोट असणाऱ्यांचा रोज बुडतो. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे याच वर्गात मोडतात. म्हणून हे नुकसान भरून काढण्यास प्रवासवर्णन कसे उपयोगी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात आपण करणार आहोत.

प्रवासी का थांबतात? याला दोन कारणे असतात. पहिले कारण खरे असते : रस्ता खचतो, पूल जातो, राहण्याची सोय उरत नाही. दुसरे कारण मात्र भीतीचे असते आणि तेच अधिक काळ टिकते. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली आणि 52 गावे उद्ध्वस्त झाली. आपल्या जिल्ह्यात त्याचा सर्वांत मोठा तडाखा उमरगा-लोहारा भागाला बसला. भूम हे जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. पण दूरच्या माणसाला तालुके ठाऊक नसतात. बातमीत जिल्ह्याचे नाव आले की सगळा जिल्हाच पडला असे तो समजतो. पुराची बातमी येते तशी पूर ओसरल्याची येत नाही. रस्ता सुरू झाला, हे कोणी मुद्दाम सांगत नाही. ही उणीव भरून काढणे हेच आपत्तीनंतरच्या प्रवासवर्णनाचे पहिले काम होय.

शेजारच्या नेपाळचे उदाहरण पाहू. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपाने नेपाळच्या तेव्हाच्या 75 जिल्ह्यांपैकी 14 जिल्ह्यांचे फार मोठे नुकसान झाले. तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी या पट्ट्याबाहेर होते. तरीही संपूर्ण देशाकडेच लोकांनी पाठ फिरवली. 2014 साली सुमारे 7 लाख 90 हजार परदेशी प्रवासी आले होते, ते 2015 साली सुमारे 5 लाख 39 हजारांवर आले. काठमांडूच्या बौद्धनाथ स्तूपाचा भंगलेला कळस उपासकांच्या दानातून उभा राहिला आणि नोव्हेंबर 2016 मध्ये स्तूप पुन्हा खुला झाला. 2017 साली प्रवाशांची संख्या सुमारे 9 लाख 40 हजारांपर्यंत गेली. हे सगळे लेखणीने घडले असे म्हणणे चुकीचे ठरेल. दुरुस्ती आधी, लेखन नंतर. पण दुरुस्ती झाली हे जगाला कळावे लागते आणि ते जाऊन आलेल्या माणसाच्या शब्दावर लोकांना अधिक पटते.

प्रवासवर्णनाचे सामर्थ्य बौद्धांना तरी नव्याने सांगायला नको. पाचव्या शतकाच्या आरंभी फा-हियान आणि सातव्या शतकात ह्युएन त्संग भारतात आले. त्यांनी वैभवाबरोबरच पडझडही लिहून ठेवली; ओसाड कपिलवस्तूची नोंद करताना हात आखडता घेतला नाही. त्या प्रामाणिक नोंदींच्या आधारे एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी श्रावस्ती, कुशीनगर ही विस्मृतीत गेलेली स्थाने ओळखली. त्यांनी खोटी स्तुती लिहिली असती, तर ही स्थाने शोधणे किती कठीण झाले असते!

प्रवासाच्या नोंदीत माणसाला कसे वागवले गेले हेही आले पाहिजे. 1934 साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर तेथील हौदाच्या पाण्याला स्पर्श केल्यावरून त्यांचा अपमान झाला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला, म्हणून तो आज आपणांस कळतो. केवळ निसर्गसौंदर्याचे वर्णन करणाऱ्या लेखणीला ही गोष्ट दिसली नसती.

आता आपल्याकडे लिहिण्यासारखे काय आहे? तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य होते असे अभ्यासक मानतात. लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातील वस्तू आहेत. संत गोरा कुंभारांची समाधीही तेरलाच आहे. धाराशिव शहराजवळ बालाघाटच्या डोंगरात सात लेणी आहेत. परांड्याच्या किल्ल्यावरूनच प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ 1632 साली विजापूरला गेली. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र असून तेथील खवा-पेढा सर्वदूर जातो.

हे लिहिताना विद्यार्थ्यांनी काही पथ्ये पाळावीत. पहिले, भेटीची तारीख लिहावी. तारखेविना रस्त्याची माहिती निरुपयोगी असते. दुसरे, एस.टी. कोठून मिळते, पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय आहे काय, कोणता रस्ता अजून खराब आहे, हे स्पष्ट सांगावे. धोका लपवून बोलावलेला पाहुणा पुन्हा येत नाही आणि इतरांनाही येऊ देत नाही. तिसरे, पडक्या घरापुढे उभे राहून फोटो काढू नये. कोणाचे दुःख सांगायचे तर आधी त्याची परवानगी घ्यावी. चौथे, खवा, जेवण, वाहन हे शक्यतो गावातील माणसाकडून घ्यावे आणि वाचकालाही तसे सुचवावे, म्हणजे पैसा गावात राहील.

पाचवे पथ्य आपल्यासाठी सर्वांत अवघड आहे. धाराशिवची लेणी मूळची बौद्ध असून पुढे जैनांकडे गेली, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मुख्य मूर्तीविषयीही मतभेद आहेत. अशा वेळी आपल्याला आवडते तेवढेच लिहिण्याचा मोह होतो. कालामांना उपदेश करताना भगवान बुद्धांनी ऐकीव गोष्टींवर व परंपरेवर डोळे झाकून विसंबू नका असे सांगितले. तो उपदेश आपल्या अभिमानालाही लागू आहे. दोन्ही मते लिहावीत, वाचकाने स्वतः येऊन पाहावे. सम्यक् वाचा ती हीच.

पूर दर वर्षी येईलच असे नाही, पण तो पुन्हा येणार हे निश्चित. त्या वेळी तालुक्याविषयी खरे लिहिणारी दहा मुले-मुली आपल्याकडे तयार असावीत. त्यासाठी येत्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक स्थळ पाहून दोन पाने लिहावीत, सभासदांनी ती तपासावीत आणि बाहेरगावच्या नातलगांकडे पाठवावीत. पुणे-मुंबईस गेलेला आपला माणूस ती वाचून चार मित्रांना घेऊन आला, तर त्या दिवशी कोणाच्या तरी टपरीवर दोन किटल्या चहा जास्त खपेल. कामाची सुरुवात तेवढ्यापासून करू या.

जयभीम!