छंद आकाशाचा, हिशेब जमिनीवरचा

घरातील मुलाने किंवा मुलीने ‘मला विमान चालवायला शिकायचे आहे’ असे म्हटले, की व्यापारी घरात दोन प्रश्न लगोलग उभे राहतात. पहिला खर्चाचा, दुसरा सुरक्षिततेचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. विमान कंपनीत नोकरी मिळवून देणाऱ्या शिक्षणाविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु केवळ हौसेखातर, सुटीच्या दिवशी स्वतः लहान विमान चालवावे असे वाटणाऱ्यांना आपल्या भाषेत फारच थोडी माहिती मिळते. ऐपत असलेल्या घरांत हा छंद आता नवलाचा राहिलेला नाही. म्हणूनच त्यात पाऊल टाकण्यापूर्वी त्याचे नियम, त्याचा जमाखर्च आणि त्यातील जबाबदारी ही तिन्ही नीट समजून घेणे आवश्यक आहे.

उद्योगी घराण्यांची जुनी हौस

आपल्या देशात हा छंद प्रथम रुजला तोच उद्योगी घराण्यांत. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. पुढे आगाखान यांनी इंग्लंड आणि भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे पारितोषिक ठेवले. टाटा भारतातून निघाले, तर सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिला. अस्पी पुढे निघाले आणि पारितोषिक त्यांनीच जिंकले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटांच्या हौसेतूनही १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन येणारी विमानसेवा जन्मली. स्त्रियाही मागे नव्हत्या. १९३६ मध्ये लाहोरला सरला ठकराल यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी साडी नेसून एकटीने विमान उडवले.

परवान्याची वाट

हौशी वैमानिकाच्या परवान्याला खासगी वैमानिक परवाना म्हणतात. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून मिळतो. वयाची सोळा वर्षे पूर्ण झाली की विद्यार्थी वैमानिक म्हणून नाव नोंदवता येते. खासगी परवान्यासाठी मात्र सतरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. दहावी उत्तीर्ण असणे आणि दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी पार पडणे आवश्यक असते. नियम, दिशानिर्धारण, हवामान आणि इंजिन या विषयांची लेखी परीक्षा द्यावी लागते, आणि रेडिओवरून बोलण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो.

प्रत्यक्ष उड्डाणाचे किमान ४० तास नोंदले जावे लागतात. त्यांत काही तास प्रशिक्षकाबरोबरचे, काही एकट्याचे आणि काही एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे असतात. व्यावसायिक वैमानिकाला हेच २०० तास करावे लागतात. आपल्या राज्यात धुळे, बारामती, गोंदिया, नागपूर ही नावे या शिक्षणाशी जोडलेली आहेत. ज्यांना इंजिनाविना तरंगण्याचा अनुभव हवा त्यांच्यासाठी पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंगचे जुने केंद्र आहे.

या परवान्याची एक मर्यादा व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. खासगी परवानाधारकाला घरच्यांना किंवा मित्रांना बरोबर नेता येते. परंतु त्यासाठी मोबदला घेता येत नाही. खासगी वापरासाठी नोंदवलेले विमानही भाड्याने चालवता येत नाही. ‘आपले विमान रिकामे उभे आहे, दोन फेऱ्या भाड्याच्या मारू’ हा विचार इथे कायद्याच्या विरुद्ध जातो.

विमानाची खतावणी

आता खर्च. शिक्षणाचा तासाचा दर प्रत्येक संस्थेचा वेगळा असतो. उदाहरणादाखल तो पंधरा हजार रुपये धरला, तर ४० तासांचे सहा लाख होतात. मात्र ४० तास ही किमान अट आहे. अनेकांना त्याहून बरेच अधिक तास लागतात, म्हणून अंदाज करताना दीडपट रक्कम बाजूला ठेवणे शहाणपणाचे. शिक्षणात खंड पडला की विसरलेले पुन्हा शिकावे लागते. म्हणून पैशांबरोबर सलग वेळही हाताशी असावा.

स्वतःचे विमान घेण्याची गोष्ट निराळी. जगभर क्लबांतून दिसणारे चार आसनी सेस्ना १७२ नवे घ्यायचे तर किंमत चार लाख डॉलरांच्या वर जाते. वैयक्तिक वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे साडेतीन कोटींच्या विमानावर एक कोटी चाळीस लाख केवळ कर. पेढीच्या नावाने विमान घेतले म्हणून हा कर वजा करून मिळेल, अशी आशा धरू नये. प्रवासी किंवा माल वाहून नेण्याचा व्यवसाय, उड्डाण प्रशिक्षण किंवा विमानाचीच पुनर्विक्री असे अपवाद सोडले तर विमानावरील इनपुट टॅक्स क्रेडिट कायद्याने अडवलेले आहे. दुरुस्ती आणि विम्यालाही तोच नियम लागू होतो.

खरेदीनंतरचा खर्च दोन खात्यांत मांडावा. हँगरचे भाडे, विमा, परवानाधारक अभियंत्याची देखभाल आणि दरवर्षीची उड्डाणयोग्यतेची तपासणी हे खर्च विमान उडो वा न उडो, चालूच राहतात. इंधन, तेल आणि इंजिनाची झीज हे मात्र तासाप्रमाणे वाढतात. सेस्ना १७२ तासाला सुमारे ३५ लिटर इंधन घेते, आणि तिचे इंजिन दोन हजार तासांनी किंवा बारा वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, पूर्ण उघडून नव्याने बांधावे अशी उत्पादकाची शिफारस असते. समजा, स्थिर खर्च वर्षाला बारा लाख आहे. वर्षात १२० तास उडाल्यास त्याचा वाटा तासाला दहा हजार पडतो. तीसच तास उडाल्यास तो चाळीस हजार होतो. उभे विमान हे पडून राहिलेल्या मालासारखे असते, आणि सागरी हवेत तर त्याला गंजही चढतो. म्हणूनच वर्षाला शंभर तास उडण्याची खात्री नसलेल्याने क्लबचे विमान तासाप्रमाणे घ्यावे, हेच हिशेबाला धरून आहे.

चार आसने, तीन माणसे

रोजच्या व्यवहारातील पहिला धडा वजनाचा. सेस्ना १७२ इंधन आणि माणसे मिळून सुमारे ४०० किलो भार उचलते. टाक्या पूर्ण भरल्या तर दीडशे किलोच्या जवळपास इंधनच होते. उरलेल्या अडीचशे किलोंत तीन प्रौढ माणसे आणि थोडे सामान बसते. चौथ्या आसनावर कोणाला बसवायचे असेल तर इंधन कमी भरावे लागते, आणि इंधन कमी तर पल्ला कमी. तराजूशी ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र उन्हाळ्यात हवा विरळ झाली की तेच विमान आणखी जड वाटू लागते आणि धावपट्टी अधिक लांब लागते, हे लक्षात ठेवावे.

दुसरा धडा वेळेचा. विमानाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. परंतु उड्डाणाचा आराखडा देणे, हवाई संरक्षणाची मंजुरी घेणे, हवामान पाहणे, विमानाभोवती फिरून प्रत्येक बिजागरी तपासणे, टाकीतून थोडे इंधन काढून त्यात पाणी नाही ना हे पाहणे, यांत बराच वेळ जातो. लहान धावपट्टीवर उतरण्याची परवानगी आधी घ्यावी लागते आणि तिथे इंधन मिळेलच असे नाही. व्यापाराचा वेळ वाचवण्यासाठी हे साधन घेतले तर पदरी निराशाच येईल.

तिसरा धडा आकाशाचा. हौशी वैमानिक साधारणतः डोळ्यांनी पाहून विमान चालवतो. त्यासाठी पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावे लागते आणि ढगांपासून अंतर राखावे लागते. सूर्यास्तानंतर असे उड्डाण, नियंत्रण कक्षाने सवलत दिल्याखेरीज, आपल्या देशात करता येत नाही. सूर्यास्ताची वेळ रोज पाहणाऱ्या घरांना हे बंधन जाचक वाटू नये. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीवर ढग उतरतात, तेव्हा कित्येक रविवार जमिनीवरच घालवावे लागतात.

नकाराचे स्वातंत्र्य

या छंदाचा सर्वांत महत्त्वाचा भाग इथेच आहे. १६ जुलै १९९९ रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन केनेडी धाकटे हे स्वतःच्या एक इंजिनी विमानाने चुलत बहिणीच्या विवाहाला निघाले. बरोबर पत्नी आणि मेहुणी होती. उड्डाण होईपर्यंत सूर्य मावळला होता आणि समुद्रावर धूसर हवा होती. केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची पात्रता त्यांनी अद्याप मिळवलेली नव्हती. क्षितिज दिसेनासे झाले, दिशाभ्रम झाला आणि विमान समुद्रात कोसळले, तिघेही गेले. चौकशीत विमानात दोष आढळला नाही. सोय, संपत्ती, चांगले विमान, सारे काही होते.

आपल्या घरांत ‘पोहोचलेच पाहिजे’ हा आग्रह फार असतो. लग्नाचा मुहूर्त, सौद्याची वेळ, वाट पाहणारे पाहुणे. कारखान्यात ज्याचा शब्द अखेरचा, त्याला ढगापुढे माघार घेणे जड जाते, आणि त्याला ‘थांबा’ म्हणण्याचे धाडस बरोबरच्यांना होत नाही. म्हणून विमान घेण्यापूर्वी घराने काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. मुहूर्ताच्या प्रवासाला लहान विमान वापरू नये. वापरलेच तर रेल्वेचे किंवा मोटारीचे साधन तयार ठेवावे. उड्डाण रद्द केले म्हणून वैमानिकाला कोणी बोल लावू नये, आणि घरातील सर्वांत लहान प्रवाशालाही ‘मला यायचे नाही’ म्हणता यावे.

आणखी एक काम पहिल्या धड्याआधीच करावे. आयुर्विम्याची आणि अपघात विम्याची कागदपत्रे काढून वाचावीत. अनेक अपघात विम्यांत प्रवासी म्हणून केलेला विमानप्रवास धरलेला असतो. स्वतः वैमानिक म्हणून केलेले उड्डाण वगळलेले असते. विमा कंपनीला लेखी कळवून योग्य ते संरक्षण घ्यावे.

इतके सारे जमत असेल तर मुलांच्या हौसेला खुशाल वाट द्यावी. हा छंद शिस्त शिकवतो, यादी वाचून काम करण्याची सवय लावतो आणि आपल्या मर्यादा ओळखायला लावतो. परवाना चाळीस तासांत मिळू शकतो. ‘आज नको’ हे दोन शब्द वेळेवर उच्चारण्याचा सराव मात्र वैमानिकाला आणि त्याच्या घराला जन्मभर करावा लागतो.