कृष्णाकांठच्या दोन बँका

कृष्णाकांठच्या जुन्या घरांतील कपाटांत चार दागिन्यांच्या शेजारीं घडी घातलेला एक जाड कागद पुष्कळदां आढळे. साताऱ्यास तो युनायटेड वेस्टर्न बँकेच्या भागांचा दाखला असे. सांगलीस सांगली बँकेच्या. वडीलधाऱ्यांनीं हे भाग नफ्याच्या आशेनें जितके घेतले, तितकेच गांवच्या संस्थेस हातभार लागावा म्हणून. या दोन्ही बँकांचीं नांवें 2006-07 सालीं सात महिन्यांच्या आंत पाट्यांवरून पुसलीं गेलीं. तें कसें घडलें, हें समजून घेणें प्रत्येक ठेवीदाराच्या व भागधारकाच्या हिताचें आहे.

सांगली बँक 1916 सालची, संस्थानी काळांतील. साताऱ्याची बँक 1936 सालची. तिचे संस्थापक अण्णासाहेब चिरमुले यांनीं त्यापूर्वींच, 1913 सालीं, वेस्टर्न इंडिया विमा कंपनी साताऱ्यास काढली होती. मुंबईस न जातां लहान शहरीं राहूनही अर्थसंस्था नांवारूपास आणतां येते, हें या मंडळींनीं दाखवून दिलें. 2006 च्या सुमारास साताऱ्याच्या बँकेच्या सुमारें 230, तर सांगलीच्या बँकेच्या सुमारें 190 शाखा होत्या.

मग अडलें कोठें? बँकेचें स्वतःचें भांडवल म्हणजे घराचा पाया. कर्ज बुडालें, तर तो तोटा ठेवीदाराच्या अंगावर न येतां प्रथम या भांडवलानें सोसावयाचा असतो. म्हणून शंभर रुपयांच्या जोखमीमागें निदान 9 रुपये स्वतःचे असावेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक होता. शिवाय खासगी बँकेचा स्वनिधि निदान 300 कोटी रुपयांचा असावा, असें 2005 सालीं ठरलें. इकडे बुडीत कर्जांनीं दोन्ही बँकांचा पाया झिजला होता. मार्च 2006 अखेर सांगली बँकेंत सुमारें 2,000 कोटींच्या ठेवी होत्या. भांडवलाचें प्रमाण मात्र 2 टक्क्यांच्याही खालीं उतरलें होतें.

नवें भांडवल आणावयाचें तर कोणाकडून? मालकीचा प्रश्न उभा राहतो तो येथेंच. जुन्या भागधारकांपाशीं जिव्हाळा असतो, पण पैसा नसतो. बाहेरच्यांपाशीं पैसा असतो, पण त्यांस सत्ता हवी असते. साताऱ्याच्या बँकेंत मखारिया समूहाचा हिस्सा मोठा झाला होता. सांगलीच्या बँकेंत भाटे कुटुंबाकडे सुमारें 30 टक्के भाग होते. परंतु त्या काळच्या कायद्यानें खासगी बँकेंत कोणाही एका भागधारकास, त्याचे भाग कितीही असोत, 10 टक्क्यांहून अधिक मताधिकार मिळत नसे. आणि 5 टक्के वा अधिक भाग घ्यावयाचे तर रिझर्व्ह बँकेची संमति लागे. लोकांच्या ठेवींवर एकाच घराची सत्ता बसूं नये, हा या नियमाचा हेतु योग्यच होय. पण मोठी जोखीम पत्करून थोडकें मत घेण्यास कोण सहज पुढें येणार?

साताऱ्याच्या बँकेवर 2 सप्टेंबर 2006 रोजीं, ऐन गणेशोत्सवांत, सरकारनें स्थगितीचा हुकूम बजावला. ठेवीदारास 10,000 रुपयांहून अधिक रक्कम काढतां येईना. 1960 सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हांपासून दुबळी बँक बुडूं न देतां सक्तीनें सबळ बँकेंत मिळविण्याची वाट कायद्यानें मोकळी केली होती. तीच येथें धरली गेली. महाराष्ट्र शासनाशीं निगडित अशी सिकॉम आणि कित्येक बँका पुढें आल्या. रिझर्व्ह बँकेनें आय.डी.बी.आय.ची निवड केली व 3 ऑक्टोबर रोजीं विलीनीकरण झालें. ठेवी सुरक्षित राहिल्या. भागधारकांस दर भागामागें 28 रुपये रोख मिळाले आणि नातें संपलें.

सांगलीच्या बँकेनें सक्तीची वेळ येण्यापूर्वींच पाऊल उचललें. डिसेंबर 2006 मध्यें आय.सी.आय.सी.आय. बँकेंत सामील होण्याचें ठरलें. कर्मचारी संघटनांनीं विरोध केला. तरी 19 एप्रिल 2007 पासून विलीनीकरण अमलांत आलें. सांगलीच्या 925 भागांस नव्या बँकेचे 100 भाग, असें प्रमाण होतें.

आतां एक साधा हिशेब पाहा. साताऱ्याचे 185 भाग असणाऱ्यास 5,180 रुपये मिळाले. सांगलीचे 185 भाग असणाऱ्यास नव्या बँकेचे 20 भाग मिळाले. ते त्यानें जपून ठेवले असतील, तर 2014 सालीं एकाचे पांच होऊन 100 झाले आणि 2017 च्या बक्षीस भागांनीं 110 झाले. दोन्ही बँका दुबळ्याच होत्या. परंतु एकीनें हातीं वेळ असतांना बोलणीं केलीं, दुसरीच्या हातीं वेळ उरली नव्हती.

साताऱ्याच्या कथेस एक चमत्कारिक शेवटही आहे. चिरमुल्यांची विमा कंपनी 1956 सालच्या राष्ट्रीयीकरणांत आयुर्विमा महामंडळांत विलीन झाली. पुढें आय.डी.बी.आय. बँकच अडचणींत आली, तेव्हां जानेवारी 2019 मध्यें तिचे 51 टक्के भाग याच महामंडळानें घेतले. एका घरांतून निघालेलीं दोन भावंडें अशा रीतीनें परक्या छपराखालीं पुन्हा एकत्र आलीं!

बाहेरचें भांडवल घेणें हा कांहीं अधर्म नव्हे. तें कोणत्या वेळीं व कोणत्या अटींवर घ्यावें, एवढाच विवेक हवा. आणि तो विवेक केवळ संचालकांचा नव्हे. वार्षिक अहवाल न उघडतां रद्दींत टाकणारा, सभेस न जाणारा भागधारकही "आपली बँक" गमावण्यास थोडाबहुत जबाबदार असतो. आपल्या गांवच्या पतपेढीचा अहवाल यंदा घरीं येईल, तेव्हां गृहिणींनीं व गृहस्थांनीं तो एकत्र बसून वाचावा, एवढी विनंति.