मोहरीहून लहान आरसा

तोंडातला चट्टा बरा होत नसला की डॉक्टर म्हणतात, "तुकडा काढून तपासायला पाठवू." एवढ्यानेच घरातली माणसे हबकतात. तो तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, केसाहून कितीतरी पातळ काप काढून रंगवायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. यात दिवस जातात. रोजंदारीवरच्या माणसाला दवाखान्याची प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा. तुकडा नेमक्या जागेचा आला नसेल तर पुन्हा पहिल्यापासून.

मग सूक्ष्मदर्शकच तोंडात नेला तर? यात अडचण होती ती आकाराची. अमेरिकेत मार्विन मिन्स्की यांनी १९५७ साली कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. हे यंत्र एका वेळी एकच ठिपका पाहते. त्या ठिपक्यावरून परतलेला प्रकाश बारीक छिद्रातून आत घेते आणि वरखालच्या थरांतला प्रकाश अडवते. त्यामुळे मांस न कापताही आतला थर स्वच्छ दिसतो. मात्र पूर्ण चित्र हवे तर प्रकाशाचा ठिपका शेतात नांगर फिरावा तसा ओळीमागून ओळ फिरवावा लागतो. मोठ्या यंत्रात हे काम मोटरवरचे आरसे करतात. ते बारीक नळीच्या टोकात कुठून मावणार?

वाट काढली ती संगणकाच्या चिपा बनवण्याच्या कलेने. वाळूतून मिळणाऱ्या सिलिकॉनचा हलता आरसा आयबीएमच्या कर्ट पीटरसन यांनी १९८० साली दाखवला. १९९६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात डिकेनशीट्स आणि किनो यांनी असे आरसे बसवून चिमुकला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक तयार केला.

एक मिलिमीटरहूनही लहान असा हा आरसा दोन नाजूक पट्ट्यांवर टांगलेला असतो. शेजारी दोन फण्या, एकीचे दाते दुसरीच्या दात्यांत. वीज दिली की त्या एकमेकींना ओढतात, पट्ट्यांना पीळ पडतो आणि आरसा कलतो; काही आरसे सेकंदाला हजारो वेळा. तार वाकवून वाकवून तुटते, पण सिलिकॉनचा स्फटिक तसा थकत नाही. आम्हाला तर याचेच नवल वाटते.

अर्थात या नजरेची खोली पाव मिलिमीटरच्या आसपास आणि अशी आरशांची यंत्रे अजून बहुतांशी प्रयोगशाळांतच आहेत. ती आली तरी तुकडा नेमका कुठला घ्यावा, हे दाखवण्यातच त्यांचा पहिला उपयोग. तेव्हा "चाकू लागला की गाठ पसरते" या समजुतीपायी कुणी थांबू नये. मशेरी, तंबाखू, गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातला पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर खाडा पडला तरी चालेल, सरकारी दवाखाना गाठावा.